आधी यंत्र थांबवा, मग हात घाला

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. ज्वारीच्या खरेदीवर झालं. विजेच्या बिलावरही होईल. आम्हाला जो विषय मांडायचा आहे, तो कुठल्याच सभेच्या पत्रकात येत नाही. आमचा विषय आहे आपल्या हाताचा. या मनगटाखालच्या पाच बोटांचा.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या गावात मळणी यंत्रात किंवा कडबा कुट्टीत कुणाचा हात गेला आहे, त्यांनी मनातल्या मनात ती व्यक्ती आठवावी. बहुतेकांना एक तरी चेहरा आठवेल. असं झालं की गावात काय म्हणतात? "त्याचं लक्ष नव्हतं." "तिनं उगाच हात घातला." आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी तेच यंत्र, त्याच वेगानं, दुसऱ्या वावरात चालू असतं.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. मळणी यंत्राचा ड्रम किती फेरे घेतो, जाळी आणि ड्रममधली फट किती ठेवायची, दाणा फुटू नये म्हणून काय करायचं, हे सगळं परीक्षेला होतं. कणसं टाकणाऱ्याचा हात कसा वाचवायचा, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही आणि आम्हीही कुणाला विचारला नाही. तो धडा खळ्यावर मिळाला, तोही दुसऱ्याच्या हाताची किंमत देऊन. म्हणून आज हे बोलायचा आम्हाला अधिकार कमी आहे, पण कर्ज मोठं आहे.

हात जातो कसा?

लक्ष नसल्यानं हात जातो, हे अर्धं सत्य आहे. आम्ही जेवढ्या घटना जवळून ऐकल्या, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. यंत्र तुंबलं होतं. कणसं ओलसर होती, किंवा एकदम जास्त टाकली गेली, किंवा विजेचा दाब पडला आणि ड्रम मंदावला. माल अडकला. मागं माणसं खोळंबली. यंत्रवाला ओरडला. मग कुणीतरी चालू यंत्रात हात घालून अडकलेलं ओढलं किंवा आत ढकललं. तुंबलेला घास सुटला की ड्रम एकदम वेग धरतो. हात मागं घ्यायचं सुचायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. यंत्राला तेवढाही लागत नाही.

म्हणजे हात जाण्याची सुरुवात तुंबण्यापासून होते. तुंबणं कमी केलं तर निम्मी लढाई जिंकली. ती कशी जिंकायची, हे शेतकऱ्याला कठीण नाही.

खुडलेली कणसं नीट वाळू द्या. पहाटेच्या दवात भिजलेला कडबा लगेच कुट्टीला लावू नका, ऊन चढू द्या. कुट्टीच्या पात्यांना धार ठेवा. धार गेली की कडबा कापला जात नाही, ओढला जातो, पिळवटतो आणि अडकतो. पट्टा सैल असेल तर ताणून घ्या, अर्थात यंत्र बंद असताना. पेंढीचा बंध सोडून कडबा पसरून टाका. बंधासकट टाकलेल्या पेंढीत बोटं अडकली तर पेंढीबरोबर हातही आत जातो. शेवटचा मूठभर कडबा हातानं ढकलू नका. मागच्या कडब्यानं पुढचा ढकला. आणि विजेचा दाब पडलेला दिसला तर यंत्र बंद करून वाट पाहा.

तुंबलंच तर?

इथे एकच क्रम आहे. तो पाठ करा आणि घरी जाऊन पोरांनाही पाठ करून द्या.

पहिलं, यंत्र बंद करा. दुसरं, जोड तोडा. मोटर असेल तर मेन स्विच खाली करून फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. ट्रॅक्टरवर असेल तर पी.टी.ओ. सोडवा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात ठेवा. डिझेल इंजिन असेल तर तेही बंद करा आणि पट्टा उतरवा. तिसरं, थांबा. बटण दाबल्याबरोबर पाती थांबत नाहीत. कुट्टीचं जड चाक बंद केल्यावरही फिरत राहतं आणि पाती त्याच चाकावर असतात. डोळ्यांनी थांबलेलं दिसलं की मग चौथं, अडकलेलं काढा. तेही चाक लाकडी ठोकळ्यानं अडवून, काठीनं किंवा आकड्यानं. चालू यंत्रात काठीसुद्धा घालू नका. यंत्र काठी ओढतं आणि काठीबरोबर हात ओढतं.

फ्यूज खिशात कशाला, असं कुणी विचारेल. आपल्याकडे शेतीची वीज पाळीपाळीनं येते. पंपाला ऑटो स्विच लावलेला असतो. त्याच स्टार्टरवर कुट्टी जोडलेली घरं आम्ही पाहिली आहेत. वीज गेली म्हणून यंत्र बंद पडलं, बाई साफ करायला बसली आणि वीज आली, तर यंत्र आपोआप सुरू होईल. म्हणून वीज जाणं म्हणजे यंत्र बंद करणं नव्हे. कुट्टीच्या मोटरला ऑटो नको, स्वतंत्र स्विच हवा, आणि तो कडबा टाकणाऱ्याच्या हाताशी हवा.

ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा

आता पऱ्हाटी बारीक करायची यंत्रंही गावोगाव आली आहेत. बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नये, हे बरोबर आहे. पण ही यंत्रं आणि मळणी यंत्रं ज्या दांड्यावर चालतात तो पी.टी.ओ. शाफ्ट साधारण मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर एक वीत धरला, तर सेकंदात नऊ वीत कापड गुंडाळलं जातं. पदर, उपरणं, धोतराचा सोगा, सुटलेली बाही यांना सुटायला वेळच मिळत नाही. त्या दांड्यावर नळीसारखं आवरण येतं. ते फुटलं की आपण काढून टाकतो आणि परत बसवत नाही. ते बसवा. पदर खोचा, वर शर्ट घाला, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा. चालत्या दांड्यावरून कधी ओलांडून जाऊ नका. पऱ्हाटीचं यंत्र चालू असताना मागं आणि बाजूला कुणी उभं राहू नये, कारण वावरातला दगड पात्याला लागला की गोफणीसारखा सुटतो.

मळणी यंत्र घेताना किंवा भाड्यानं आणताना एक माप लक्षात ठेवा. कणसं टाकायची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि त्यातली ड्रमकडची ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली हवी. आपल्या भाषेत दोन हात लांब, त्यातला एक हात झाकलेला. असं झाकण असेल तर टाकणाऱ्याची बोटं ड्रमपर्यंत पोचत नाहीत. माल लवकर जावा म्हणून ते झाकण कापून टाकलेली यंत्रं फिरतात. अशा यंत्राला वावरात येऊ देऊ नका. टाकणाऱ्याला पोत्यांच्या थप्पीवर उभं करू नका, पाय घसरला की तोल यंत्राकडेच जातो. उभं राहायला सपाट आणि पक्की जागा द्या. रात्री मळणी असेल तर पुरेसा उजेड हवा. दारू प्यालेला आणि दोन रात्री न झोपलेला, दोघेही यंत्रापासून लांब हवेत. आणि लहान मुलं तर खळ्याच्या आसपासही नकोत.

कायदा आणि पैसा

१९८३ मध्ये संसदेनं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. मळणी यंत्रात हात तुटण्याचं प्रमाण पाहूनच तो आला. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी सुरक्षित यंत्रांवर कामही झालं. पण खळ्यावर कायदा आला का? आपण कधी यंत्रवाल्याला विचारलं का?

राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकरी अपघात योजना आहे. २०२३ मध्ये विमा कंपनी बाजूला करून ती सानुग्रह अनुदानाची करण्यात आली. त्यात मृत्यूला २ लाख आणि एक हात किंवा एक डोळा कायमचा गेल्यास १ लाख रुपये ठरले. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत करायचा. दुःखात हे दिवस निघून जातात, म्हणून शेजाऱ्यानं कागद गोळा करावेत. पण ही योजना सातबारावाल्या खातेदाराची आणि त्याच्या घरातल्या एका माणसाची आहे. आपल्या खळ्यावर कणसं टाकते ती भूमिहीन मजूर बाई यात कुठे बसते? बसत नाही. तिच्या हाताची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते, म्हणजे यंत्रवाल्यावर आणि आपल्यावर.

भावांनो, उत्पादन खर्चाच्या हिशेबासाठी आपण इतकी वर्षं भांडतो आहोत. बियाणं, खत, मजुरी, बैल, व्याज, सगळ्याची सदरं आहेत. तुटलेल्या हाताचं सदर नाही. ते सरकारनं मांडलं नाही, हे खरं. पण आपण तरी आपल्या वहीत मांडलं का? सरकारला जाब विचारणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खळ्यावर झाकण तुटलेलं यंत्र चालत असेल, तर त्याच्या शब्दाला वजन कुठून येणार?

घाई कुठून येते तेही बोललं पाहिजे. मळणीचा दर पोत्यावर असतो. यंत्र थांबलं की यंत्रवाल्याचं नुकसान, म्हणून तो थांबू देत नाही. पुढचा शेतकरी पाळीला उभा असतो, त्याला आभाळाची भीती असते. ही घाई एकट्या माणसाला मोडता येत नाही. ती गावानं ठरवून मोडावी लागते.

आणि तरीही अपघात झालाच तर

स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, माती, तंबाखू काही लावू नका. तुटलेलं बोट किंवा हात फेकू नका. तो स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. उघडा बर्फ थेट लावू नका. १०८ ला फोन करा. जितकं लवकर पोचाल तितकी हात परत जोडला जाण्याची आशा जास्त.

ठराव

आम्ही या बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो. एक, झाकण आणि शाफ्टचं आवरण नसलेलं यंत्र गावात लावायचं नाही. दोन, यंत्र साफ करण्यासाठी थांबलं तर त्या वेळेची मजुरी कापायची नाही आणि यंत्रवाल्याला घाई करायची नाही. तीन, हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्र बंद करायचा क्रम सगळ्या मजुरांना, विशेषतः बायांना, हातानं करून दाखवायचा. चार, पोत्यामागं थोडी रक्कम, कितीही कमी असो, गावाच्या पेटीत टाकायची, म्हणजे मजुराच्या घरावर वेळ आली तर सावकाराच्या दारात जावं लागणार नाही.

यात सरकारची परवानगी लागत नाही. आंदोलन लागत नाही. पुढच्या मळणीपासून सुरू करता येईल.

आता ठरावाला हात वर करा. वर केलेला हात एकदा नीट बघा, आणि खळ्यावर ज्यांचे हात राबतात त्यांचीही आठवण ठेवा.