ड्रॅगनांचे राज्य आणि पावसाचा हिशेब

प्राचीन चीनसारख्या एखाद्या काल्पनिक देशात सिंहासनावर साक्षात ड्रॅगन विराजमान झाला आहे, माणसे त्याची प्रजा आहेत आणि त्याची इच्छा हाच तेथील कायदा आहे, अशी कल्पना अलीकडच्या अद्भुतकथांत वारंवार आढळते. ती आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु ड्रॅगनांचे राज्य कसे असेल, या प्रश्नाचा विचार खुद्द चिनी लेखकांनी फार पूर्वी केला होता. आणि त्यांनी रंगविलेले चित्र अगदी निराळे आहे. त्यांच्या कथांतील ड्रॅगनाला राजवाडा आहे, दरबार आहे, सैन्य आहे. पण त्याच्यावर वरिष्ठ आहेत. त्याला लेखी आज्ञा येते, ती ठरलेल्या घटकेला पाळावी लागते, आणि हिशेबात तूट आली तर त्याचे मस्तक जाते. सम्राटाच्या वस्त्रांवर जो प्राणी विराजत होता, त्यालाच कथाकारांनी असे कायद्याच्या दोरीने बांधले, ही गोष्ट साधी नव्हे.

ड्रॅगन आणि राजसत्ता यांचे नाते जुने आहे. इ. स. पूर्व 202 मध्ये सम्राटपद धारण करणारा, हान घराण्याचा संस्थापक लिउ पांग हा मूळचा शेतकरी कुळातला आणि खेड्यातील एक किरकोळ अधिकारी होता. इतिहासकार स्स-मा छियन याने त्याच्या जन्माची कथा नोंदविली आहे, ती अशी की, त्याची आई एका तळ्याच्या काठी निजली असता मेघगर्जना झाली आणि तिच्या अंगावर ड्रॅगन दिसला. ज्याला वंशावळ नाही त्याला दिव्य पिता मिळवून देण्याची ही रीत इतर देशांनाही अपरिचित नाही. गंमत अशी की, याच लिउ घराण्याचा आणखी एक पूर्वज पुढे सांगण्यात आला, आणि तो ड्रॅगन नव्हता. ड्रॅगन पाळणारा होता. त्याचे नाव लिउ लेइ. श्या वंशाच्या खुंग च्या राजाकडे आलेल्या ड्रॅगनांची निगा राखण्याचे काम याच्याकडे होते. त्यांतील एक मादी मेली. लिउ लेइने गाजावाजा न करता तिचे मांस मुरवले आणि राजाला वाढले. राजाला ते इतके रुचले की त्याने आणखी मागविले. तेव्हा हा गृहस्थ भीतीने देश सोडून पळाला. राजवंशाचे मूळ सांगताना अशी कथा कोणी लपविली नाही, हे विशेष होय.

पुढे हे चिन्ह केवळ सम्राटाचे झाले. युआन राजवटीत 1314 साली निघालेल्या नियमांनुसार पाच नखांचा, दोन शिंगांचा ड्रॅगन वस्त्रांवर वापरण्यास इतरांना मनाई होती. नंतरच्या मिंग आणि छिंग राजवटींत चार नखांचा प्राणी वेगळ्या नावाने ओळखला जाई आणि तो दरबारी लोकांच्या झग्यांवर येई. एका नखाच्या अंतराने राजा आणि सेवक वेगळे होत. याच्या कितीतरी आधी, इ. स. पूर्व 233 मध्ये मरण पावलेल्या हान फेइ या विचारवंताने राजाला उपदेश करू पाहणाऱ्यांना एक इशारा देऊन ठेवला होता: ड्रॅगन माणसाळतो, त्याच्यावर बसताही येते, मात्र त्याच्या गळ्याखाली काही खवले उलटे असतात, त्यांना स्पर्श करणारा जिवंत राहत नाही, आणि राजांनाही असे खवले असतात. सत्तेचे भय याहून थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

मग हा भयप्रद प्राणी हाताखालचा अधिकारी कसा झाला? त्याचे उत्तर काही अंशी भारतात सापडते. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर होऊ लागले तेव्हा ‘नाग’ या शब्दासाठी भाषांतरकारांनी चिनी ‘लुंग’ म्हणजे ड्रॅगन हाच शब्द घेतला. कुमारजीवाने इ. स. 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचे भाषांतर पूर्ण केले. त्यात बुद्धाचे प्रवचन ऐकण्यास आलेल्या आठ नागराजांची नावे आहेत. महाभारत वाचलेल्याला वासुकी आणि तक्षक यांची ओळख सांगावी लागणार नाही. भाषांतरकाराच्या एका शब्दाने पाताळातील नाग चीनच्या नद्यांत आणि समुद्रांत जाऊन राहिले. पाणी आणि पाऊस यांच्याशी चिनी ड्रॅगनाचा संबंध आधीपासून होताच. आता त्याला राजा ही पदवी, जलमहाल, रत्नभांडार आणि कुटुंबकबिला लाभला. प्रत्येक जलाशयाला आपला ड्रॅगनराज मिळाला. बाराव्या शतकाच्या आरंभी सुंग सम्राट ह्वेइ-त्सुंग याने पाच दिशांच्या ड्रॅगनांना रीतसर राजपदव्या दिल्या. म्हणजे पदवी देणारा माणूस आणि घेणारा ड्रॅगन! पदवी आली की कर्तव्य आले, आणि कर्तव्य आले की जाब विचारणेही आले.

हा जाब खरोखरच विचारला जाई. मराठीत देव पाण्यात घालून बसण्याचा वाक्प्रचार आहे. चीनमध्ये अवर्षण पडले की गावकरी ड्रॅगनराजाची मूर्ती देवळातून काढून रणरणत्या उन्हात ठेवीत, म्हणजे शेते कशी करपतात ते त्यालाही कळावे. आधी नैवेद्य, मग विनवणी, आणि तरीही ढग न आले तर फटके, असा क्रम अनेक ठिकाणी होता. ह्युक या फ्रेंच मिशनऱ्याने 1854 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात च्या-छिंग सम्राटाची एक हकिकत दिली आहे. पाऊस पाडण्यास नकार देणाऱ्या ड्रॅगनाला सम्राटाने आज्ञापत्र काढून दूर पश्चिमेला इली नदीच्या काठी हद्दपार केले; मूर्तीची मिरवणूक निघालीही; पण दरबाऱ्यांनी गुडघे टेकून रदबदली केली तेव्हा मागाहून दूत पाठवून शिक्षा माफ करण्यात आली. हकिकत तंतोतंत खरी असो वा नसो, ऐकणाऱ्यांना ती अशक्य वाटत नव्हती.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतील चिंग नदीच्या ड्रॅगनराजाचे प्रकरण नीट कळते. कादंबरीची उपलब्ध जुनी छापील प्रत 1592 सालची आहे. परंतु ही कथा तिच्याहून जुनी असून 1408 साली पूर्ण झालेल्या युंग-लो विश्वकोशात तिचा एक पाठ उतरवून ठेवलेला आहे.

छांगआन शहरात एक ज्योतिषी बसत असे. एक कोळी त्याला रोज एक मासा देई आणि त्या मोबदल्यात जाळे कोठे टाकावे ते विचारून घेई. जाळे कधी रिकामे येत नसे. नदीत गस्त घालणाऱ्या यक्षाने हे ऐकले (शिपाईगिरीही भारतातून गेलेल्या यक्षाकडेच आली आहे) आणि राजाला वर्दी दिली. प्रजेचा असा संहार होतो हे ऐकून ड्रॅगनराज संतापला, पण दरबारातील मत्स्य-अमात्यांच्या सल्ल्याने विद्वानाचा वेष घेऊन ज्योतिष्याकडे गेला आणि उद्याचे हवामान विचारू लागला. ज्योतिष्याने सांगितले: सकाळी अमुक प्रहरी ढग येतील, मग गडगडाट होईल, मध्यान्ही पाऊस पडेल, दुपारी थांबेल, पाणी पडेल 3 ची 3 त्सुन आणि वर 48 थेंब. (ची म्हणजे सुमारे फूटभर, त्सुन त्याचा दहावा भाग.) ड्रॅगनराज मनात हसला. पाऊस पाडणारा तोच. त्याच्या नकळत पाऊस पडेल कसा? पैज लागली: खरे ठरले तर 50 तोळे सोने, खोटे ठरले तर दुकानाची मोडतोड.

तो घरी पोहोचतो न पोहोचतो तोच स्वर्गाधिपती जेड सम्राटाची आज्ञा आली. तीत तेच प्रहर आणि तेच माप, थेंबाथेंबासह. आता पैज हरणे एवढाच मार्ग होता. आणि तो स्वस्तातला होता. परंतु एका मत्स्य-सल्लागाराने युक्ती सुचविली, की वेळ थोडी चुकवावी, माप थोडे कमी करावे. ड्रॅगनराजाने सर्व प्रहर एकेक पुढे ढकलले आणि 3 त्सुन व 8 थेंब राखून ठेवले. पैज जिंकल्याच्या आवेशात त्याने ज्योतिष्याचे दुकान फोडले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की, मृत्युदंड मला नव्हे, तुला व्हावयाचा आहे. उद्या मध्यान्ही वेइ चंग तुझा शिरच्छेद करील.

येथे कथा इतिहासाला स्पर्श करते. वेइ चंग हा थांग सम्राट ताइ-त्सुंग याचा खराखुरा मंत्री होता; तोंडावर स्पष्ट बोलण्याबद्दल ख्यातनाम, आणि इ. स. 643 मध्ये वारलेला. हान फेइने ज्या उलट्या खवल्यांची भीती घातली होती, त्यांनाच हात घालून जगलेला हा माणूस. ड्रॅगनराज स्वप्नात येऊन सम्राटाच्या पाया पडला. सम्राटाने अभय दिले. दुसऱ्या दिवशी त्याने वेइ चंगला राजवाड्यातच अडकवून ठेवले आणि पट मांडून खेळावयास बसविले. मध्यान्ही मंत्र्याचा डोळा लागला. दमला असेल, म्हणून सम्राटाने त्याला जागे केले नाही. थोड्याच वेळात सेनापती आभाळातून पडलेले रक्तबंबाळ मस्तक घेऊन आले. वेइ चंगने नम्रपणे निवेदन केले, की झोपेत आपणच ही आज्ञा बजावली.

एवढ्यावर कथा संपती तर ती केवळ शिस्तीची कथा झाली असती. परंतु मारला गेलेला ड्रॅगन हातात आपले मस्तक घेऊन रात्री सम्राटाच्या दालनात आला आणि दिलेल्या शब्दाचा जाब विचारू लागला. त्याने यमसभेत फिर्याद लावली. सम्राट आजारी पडला, मेला आणि साक्षीसाठी पाताळात हजर झाला. मात्र त्याच्या बाहीत वेइ चंगने दिलेले एक पत्र होते. यमसभेतील न्यायाधीश मंत्र्याचा जुना स्नेही निघाला. त्याने आयुष्याची वही उघडून पाहिली. ताइ-त्सुंगच्या कारकिर्दीची 13 वर्षे लिहिलेली होती, आणि ती भरली होती. न्यायाधीश दचकला, त्याने दाट शाई घेऊन ‘एक’ या आडव्या रेघेला आणखी दोन रेघा जोडल्या. चिनी लिपीत तीन आडव्या रेघांचा ‘तीन’ होतो. 13 ची 33 झाली. यमराजांनी वही पाहून सम्राटाला सन्मानाने परत पाठविले. फिर्यादीचे काय झाले? ड्रॅगनाचे मरण विधिलिखितच होते आणि त्याला पुढच्या जन्माला लावून देण्यात आले आहे, असे सांगून प्रकरण मिटविण्यात आले.

ड्रॅगनाचे मस्तक 3 त्सुन पाण्यासाठी गेले. सम्राटाला दोन रेघांत वीस वर्षे मिळाली. कादंबरीकार याविषयी एक अक्षरही टीका करीत नाही. ज्या काळी सम्राट स्वतःच पाच नखांचा ड्रॅगन पांघरून बसत असे, त्या काळी टीका करण्याची आवश्यकताही नव्हती. वाचकाने दोन हिशेब शेजारी ठेवून पाहावेत एवढेच त्याने साधले आहे. आणि ज्याने कचेरीचा उंबरठा झिजविला आहे, अशा कोणत्याही वाचकाला ते कठीण नव्हते.

पाताळातून परतलेल्या सम्राटाने मृतात्म्यांच्या शांतीसाठी विधी करविले, आणि त्यातूनच धर्मग्रंथ आणण्यासाठी ह्युएनत्संगाची भारताकडे पाठवणी झाली, असे कादंबरी सांगते. इतिहासातील ह्युएनत्संग राजाज्ञा मोडून गुपचूप निघाला होता आणि इ. स. 645 मध्ये परतला. कादंबरीने त्याला सम्राटाचा मानलेला भाऊ केले. त्याच्या वाहनाची कथाही ड्रॅगनांच्या राज्यातलीच आहे. पश्चिम समुद्राच्या ड्रॅगनराजाच्या तिसऱ्या मुलाने राजवाड्यातील एक तेजस्वी मोती जाळला. बापानेच त्याच्याविरुद्ध स्वर्गात तक्रार केली. त्याला अधांतरी टांगून तीनशे फटके मारण्यात आले आणि मृत्युदंड ठरला. क्वान-यिन देवतेने रदबदली करून त्याला वाचविले, ते एका अटीवर. तो पांढरा घोडा झाला आणि भिक्षूला पाठीवर घेऊन, सगळ्या वाटेत फारसे न बोलता, नागांच्या देशापर्यंत चालत आला.