निनावी पत्रके आणि आपला मुक्तिसंग्राम



आम्हा व्यापाऱ्यांच्या जगात कागदाची किंमत त्यावरील सहीने ठरते. बिनसहीची हुंडी कोणी वटवीत नाही. मग ज्या पत्रकावर लेखकाचे नाव नाही, छापखान्याचे नाव नाही, त्यावर स्वातंत्र्यलढ्यातील माणसांनी विश्वास का ठेवला, हा प्रश्न वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी पडत आला आहे.

निनावी लेखन ही काही आपलीच रीत नव्हे. थॉमस पेनची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका जानेवारी 1776 मध्ये फिलाडेल्फियात निघाली, तेव्हा तिच्यावरही लेखकाचे नाव नव्हते. तरी ती अमेरिकेत घरोघर वाचली गेली. आपली परिस्थिती मात्र अधिक बिकट होती. निजामाच्या राज्यात साध्या सभेलाही परवानगी लागे. सप्टेंबर 1938 मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली, ती 1946 पर्यंत टिकली. तिच्या नावाने उघड लिहिणे म्हणजे तुरुंगाला निमंत्रण देणे होय. म्हणून गुप्त पत्रकांचा मार्ग उरला.

आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्याहून निघे. संस्थानात त्यावर बंदी आली की तेच पत्र नवे नाव धारण करून येई. हुकूम नावावर निघे आणि मजकूर निसटून जाई! सरकारी दप्तराची ही अडचण आम्हा बिले लिहिणाऱ्यांना चांगली कळते.

पत्रकाचा खरा जामीन, माझ्या मते, ते हाती देणारा माणूस होता. तो गावातलाच, ओळखीचा असे. त्याची पत असेल तरच कागद पुढच्या घरी जाई. मजकूर खोटा निघाला तर लिहिणारा अज्ञातच राही, पण देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जावे लागे. ज्या निनावी कागदामागे असा माणूस नसे, तो केवळ अफवा होय, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

सही करणाऱ्यांची किंमतही स्मरणात ठेवली पाहिजे. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीनीकरणाची बाजू स्वतःच्या नावाने मांडली. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांची हत्या केली. त्यानंतर महिनाही लोटला नव्हता, तोच 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या.