शाळेतील लोकशाही : पाठ की प्रत्यय?



शालेय विद्यार्थ्यांमध्ये लोकशाहीची जाणीव कशी रुजवावी, हा प्रश्न निघाला की सामान्यतः दोन उत्तरे पुढे येतात. नागरिकशास्त्राचे पुस्तक सुधारावे, हे पहिले. आणि राज्यघटनेच्या उद्देशिकेचे रोज वाचन व्हावे, हे दुसरे. महाराष्ट्रात 26 जानेवारी 2020 पासून शाळांच्या परिपाठात उद्देशिकेचे सामूहिक वाचन अनिवार्य करण्यात आले. ही दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. सकाळी समता व स्वातंत्र्य हे शब्द एका सुरात म्हणावयाचे आणि नंतर दिवसभर एकही प्रश्न विचारावयाचा नाही, असा ज्या शाळेचा शिरस्ता असेल, तेथील मूल खरा धडा त्या दिवसभरातूनच शिकते.

आपल्या समाजात चांगल्या शाळेची पहिली खूण म्हणून शिस्तीचे नाव घेतले जाते. शिस्त हवीच, पण कोणाची आणि कोणी ठरविलेली, हा प्रश्न टाळता येत नाही. 1975 ते 1977 या आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत सुशिक्षित मध्यमवर्गातील पुष्कळांना कचेऱ्यांतील वक्तशीरपणाचे कौतुक वाटले. विनाचौकशी तुरुंगात गेलेल्यांची आठवण त्या कौतुकात बुडून गेली. 1971च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. अशा देशातील मतदारांनी 1977 साली सत्ताधाऱ्यांना घरी पाठविले. याचा अर्थ असा की, साक्षरता आणि लोकशाहीची जाणीव या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत. निमूटपणे ऐकण्याचेच शिक्षण दिले, तर पदवीधरही निमूटच राहतो.

मग ही जाणीव म्हणजे नेमके काय? प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार ओळखणे आणि तोच अधिकार शेजारच्या बाकावरील मुलालाही आहे हे मान्य करणे, एवढा तिचा साधा अर्थ आहे. याचे महाराष्ट्रातील उदाहरण पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या धर्मग्रंथांना स्पर्श करण्याचीही आम्हांला बंदी, तो धर्म आमचा कसा, असा तिचा रोखठोक सवाल होता. त्या शाळेत नागरिकशास्त्राचा तास नव्हता. पण जे सोसले ते मांडण्याचे आणि त्याचे कारण विचारण्याचे बळ तेथे मिळत होते.

फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन याच वृत्तीचे आहे. सरकारचा महसूल प्रामुख्याने रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असा हिशेब त्यांनी राज्यकर्त्यांपुढे ठेवला. लोकशाहीचे व्याकरण हिशेब मागण्यापासून सुरू होते, आणि हे व्याकरण शाळेत शिकविता येते. शालेय पोषण आहाराचेच पाहा. पाचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य व 20 ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले आहे. साठ मुले हजर असतील, तर 6 किलो तांदूळ व 1 किलो 200 ग्रॅम डाळ शिजावयास हवी. हा गुणाकार चौथीच्या मुलाला येतो. तो फळ्यावर मांडून, शिजलेल्या अन्नाशी ताडून पाहण्याची पाळी दर आठवड्याला वेगवेगळ्या मुलामुलींकडे दिली, तर सार्वजनिक पैसा म्हणजे काय, तो कोणाचा, त्याची राखण कोणी करावयाची, हे त्यांना पाठांतरावाचून कळेल. आणि पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या जातीवरून कोणी ताट बाजूला सारते काय, हेही त्याच वेळी दृष्टीस पडेल.

येथे दुसरा, अधिक अवघड मुद्दा येतो. बंधुतेचा अनुभव येण्यासाठी निरनिराळ्या थरांतील मुले मुळात एका वर्गात तर यावयास हवीत. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. कोठारी आयोगाने (1964-66) समान शाळापद्धतीची शिफारस केली. ती कागदावरच राहिली. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या, तेव्हा या दिशेने निदान एक पाऊल पडले. फेब्रुवारी 2024मध्ये राज्य शासनाने शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी विनाअनुदानित शाळांना या बंधनातून सूट दिली; त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. सधनांची मुले एका शाळेत आणि मोलकरणीची मुले दुसरीत, अशी वाटणी पक्की झाली, तर दोन्हीकडे उद्देशिका वाचली जाईल, पण वाचणाऱ्यांची एकमेकांशी ओळखही होणार नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील ज्या विसंगतीचा इशारा दिला, तिची सुरुवात बालवर्गापासूनच होते.

शिक्षकाला बाजूला ठेवूनही हे काम होणार नाही. 2000 साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेने नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनाला बांधली. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे वरिष्ठांपुढे मांडण्याची धास्ती वाटते, तो मुलांना निर्भयपणा कोठून देणार? म्हणून शिक्षकाच्या सेवासुरक्षेची मागणी ही केवळ पगाराची मागणी नव्हे.

कार्यकर्त्यांना या बाबतीत करण्याजोगे काम हाताशी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या 21व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आणि शाळेच्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचा अधिकार तिला आहे. पुष्कळ गावांत ही समिती कागदावर भरते आणि कोऱ्या इतिवृत्तावर सह्या होतात. मजूर आई-बापांनी त्या बैठकीला जावे, ती त्यांची रोजी बुडणार नाही अशा वेळी ठेवावी, इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्यावे, यासाठी झटणे हे मोर्चाइतकेच महत्त्वाचे कार्य आहे. आई हिशेब विचारते हे ज्या मुलीने पाहिले, तिला तो धडा वेगळा द्यावा लागत नाही.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. लोकशाहीची जाणीव म्हणजे एखाद्या पक्षाचा प्रचार नव्हे, मग तो पक्ष समाजवादी का असेना. 1988च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय अठरावर आणले. आज दहावीत बसलेला विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होईल. तो कोणाला मत देईल याची चिंता करण्यापेक्षा, मत मागावयास आलेल्या प्रत्येकाला, समाजवादी कार्यकर्त्यालासुद्धा, तो उलट प्रश्न विचारील काय, याची चिंता वाहावी. त्याने तसा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देताना कार्यकर्त्याची तारांबळ उडाली, तर शाळेने आपले काम केले असे समजावे.