मिरचीवरचा कोळी आणि बाईचे बिनपैशाचे काम

(शहापूर-मुरबाड भागातील शेतकरी बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

भात झोडून झाला की आपल्याकडे जिथे थोडे पाणी टिकते तिथे मिरची, भेंडी, काकडी लागते. मिरचीची खुरपणी बाई करते, तोडणी बाई करते. पण बोकड्या आला की दुकानात पुरुष जातो आणि दुकानदार देईल ती बाटली आणतो. म्हणून आधी रोगाबद्दल बोलू, मग बाटलीबद्दल, शेवटी आपल्या कामाबद्दल.

पान आवळले की आपण सरसकट बोकड्या म्हणतो. कारणे मात्र वेगळी असतात. पानाच्या कडा वर वळून वाटी झाली, तर ते फुलकिड्यांचे काम. कडा खाली वळल्या, पान उलट्या होडीसारखे दिसू लागले, देठ लांबला, तर कोळी. तो शेंड्याच्या कोवळ्या पानाखाली बसून रस शोषतो. भिंगाशिवाय दिसत नाही. तिसरे कारण विषाणू. तो पांढरी माशी पसरवते. त्यावर औषध नाही. ते झाड उपटून टाकायचे.

कोळी हा किडा नव्हे. त्याला आठ पाय असतात. त्यामुळे किड्याचे औषध त्याला लागू पडेलच असे नाही. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाने तर कोळ्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी उलट वाढतो. मग दुसरी बाटली, दुसरी उधारी. कोळीनाशक म्हणून वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या डायकोफॉलवर सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. फवारणारा बहुधा पुरुष. पण औषधाचे पाणी भरणारी, त्याचे कपडे धुणारी, दुसऱ्या दिवशी त्याच झाडांत तोडणीला वाकणारी बाईच असते.

आता घरचा उपाय. वाळलेल्या निंबोळीच्या ५ किलो गराचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवून घाला आणि एकूण १०० लिटर पाणी करा. साधारण अर्ध्या एकराला पुरते. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूला फवारा. आवळलेले पान पुन्हा सरळ होत नाही. नवा शेंडा कसा येतो ते पाहा. सुरुवातीलाच मारले तर गुण येतो. कोळी फार माजला असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम वापरतात, पण कडक उन्हात नाही, पाने करपतात.

एक इशारा. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. तंबाखूच्या काढ्यातले विष कातडीतूनही अंगात जाते. धोतरा, कण्हेर घरच्या पाट्यावर वाटू नका. हात, तोंड झाका. भांडी वेगळी ठेवा.

या उपायाला लोक "बिनखर्ची" म्हणतात. मैत्रिणींनो, खर्च कोणाचा नाही? आपल्या पावसाळी मुलखात करंज पुष्कळ, कडुनिंब कमी. ऐन लावणीच्या तोंडावर निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, गाळायच्या, हे कोण करते? १०० लिटर म्हणजे आठ-दहा हंडे. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात हंडा आपल्या डोक्यावर येतो. बाटलीचे पैसे दुकानदाराला मोजून द्यावे लागतात; बाईची मेहनत मात्र कोणी मोजत नाही, म्हणून ती फुकट वाटते.

विष नको, हे खरेच. पण विषाऐवजी बाईच्या पाठीवर ओझे, हाही न्याय नव्हे. म्हणून गटागटाने काम वाटून घ्या. कुटण्याची चक्की गावाला मागा. अर्काची मजुरी मिरचीच्या हिशेबात लिहा. कृषी खात्याच्या प्रशिक्षणाला स्वतः जा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कोणी अडवले तर ते नाव का नाही, हेच विचारा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा केला. २००५ मध्ये तो देशभर झाला. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी बाया हजारोंनी जमल्या, त्या शेतात राबणाऱ्या बाईची मोजदाद व्हावी म्हणूनच.

पानाखालचा कोळी पान उलटल्याशिवाय दिसत नाही. बाईच्या कामाचेही तसेच आहे. ते उलटून दाखवायचे काम आपल्यालाच करावे लागणार आहे.