लेखनाचे घर आणि त्याची राखण



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर याच सभागृहात सतरंजीवर बसून मी पाच वर्षे ऐकत आलो. आज येथे उभे राहून बोलण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु मनात संकोचही आहे. कारण आज मी एका चुकीची कबुली देणार आहे, आणि त्या चुकीचा सरांशी निकटचा संबंध आहे.

आपण बडोदेकर मंडळी श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव अभिमानाने घेतो. १९०६ साली त्यांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी आरंभिली. या कार्यातील एका गोष्टीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. १९११ मध्ये येथे ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्गही सुरू झाला. पुस्तके आणणे आणि पुस्तके राखणारी माणसे घडविणे ही दोन्ही कामे महाराजांनी बरोबरीने हाती घेतली. व्यवसायाने ग्रंथपाल असूनही हा धडा मला फार उशिरा उमगला.

२००८ साली मी एक संकेतस्थळ सुरू केले. बडोद्यातील जुन्या मराठी कुटुंबांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत एकत्र कराव्यात, एवढाच हेतू होता. परक्या कंपनीच्या फुकटच्या जागेत हे लेखन ठेवावे, असे मला वाटेना. ती भीती अनाठायी नव्हती. पुढच्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २००९ मध्ये, जिओसिटीज ही एके काळची प्रचंड वसाहत मालकांनी बंद केली आणि असंख्य सामान्य माणसांची पाने नाहीशी झाली. म्हणून मी स्वतःचे नाव नोंदविले, दरमहा भाडे देऊन संगणकावर जागा घेतली आणि तेथे वर्डप्रेस ही प्रणाली बसविली. २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी सिद्ध केलेली ही प्रणाली कोणासही विनामूल्य वापरता येते. देवनागरीचा प्रश्नही तोवर सुटला होता. पूर्वी विशिष्ट टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक खुणांसारखा दिसे. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले आणि पुढे ते संगणकांवर रुळले, तेव्हा ही अडचण दूर झाली.

सहा वर्षांत चौऱ्याण्णव लेख जमले. त्यांतला एक सरांचा होता. शाळेच्या आरंभीच्या दिवसांविषयी त्यांनी आखीव कागदांवर चौदा पाने लिहून दिली. मी ती रात्री बसून टंकलिखित केली आणि कागद त्यांना परत केले.

२०१४ च्या पावसाळ्यात त्या संगणकाची तबकडी निकामी झाली. मी निश्चिंत होतो, कारण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी संकेतस्थळाच्या सर्व फायलींची प्रत घरी उतरवून घेत असे. ती प्रत उघडली आणि माझे हातपाय गळाले. या प्रणालीत चित्रे फायलींच्या रूपाने राहतात. लेखांचा मजकूर मात्र वेगळ्या विदागारात साठविलेला असतो आणि त्याची प्रत स्वतंत्रपणे घ्यावी लागते. सहा वर्षे मी केवळ अर्धाच ऐवज राखत आलो होतो. सरांचे छायाचित्र सुखरूप होते. त्याखालचे शब्द गेले होते. प्रतींची जबाबदारी भाडेकरूची, असे करारात स्पष्ट लिहिले होते. दोष सर्वस्वी माझा होता.

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जगभरच्या संकेतस्थळांप्रमाणे माझ्याही काही पानांची नोंद ठेवली होती. तेथून एकसष्ट लेख परत मिळाले. काही लेखकांनी आपली हस्तलिखिते जपली होती. त्यांतून आणखी एकोणीस पुन्हा टंकित केले. चौदा लेख कायमचे गेले. त्यांत सरांचा लेख आहे. सर तेव्हा हयात नव्हते. घर आवरताना त्यांचे कागद रद्दीत गेल्याचे त्यांच्या कुटुंबीयांकडून कळले. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. बाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "अरे, तू निदान लिहून तरी घेतलंस." त्या शब्दांनी समाधान होण्याऐवजी माझी लाज वाढली.

विद्यार्थी मित्रहो, शाळा आता आपल्या हस्तलिखित वार्षिकांचे स्वतंत्र संकेतस्थळ करू पाहते आहे, म्हणून हे सारे सांगितले. उद्घाटनाचा नारळ एकदाच फुटतो. झाडलोट मात्र रोजची असते. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी बसवाव्या लागतात. त्यात हयगय झाली की जुन्या फटींतून चोर शिरतात. २०१३ पासून वर्डप्रेसच्या किरकोळ सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप होऊ लागल्या, तरी जोडीला घेतलेल्या साधनांकडे आपणच पाहावे लागते. फायली आणि विदागार या दोहोंच्या प्रती हव्यात, आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या इमारतीत हवी. संकेतस्थळाचे नाव एखाद्या उत्साही शिक्षकाच्या नव्हे, तर संस्थेच्या नावे नोंदविलेले असावे. अन्यथा ते शिक्षक निवृत्त झाले की नूतनीकरणाची सूचना कोणाच्याच हाती पडत नाही. परवलीचे शब्द मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावेत आणि ते बदलले की लिफाफाही बदलावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घेतलेल्या प्रतीवरून संकेतस्थळ दुसऱ्या संगणकावर खरोखर उभे राहते की नाही, हे पाहिल्यावाचून त्या प्रतीवर विश्वास ठेवू नये. मी एकदा जरी हा प्रयोग केला असता, तरी पहिल्याच महिन्यात माझी चूक ध्यानी आली असती. वर्णसंचाची नोंद चुकली तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. तेही अशाच चाचणीत कळते.

म्हणून संचालक मंडळास माझी नम्र विनंती आहे. या कामासाठी दोन शिक्षक आणि वरच्या वर्गांतील चार विद्यार्थी नेमावेत; विद्यार्थी दरवर्षी बदलावेत आणि जाणाऱ्यांनी येणाऱ्यांस शिकवावे. सरांच्या पुण्यतिथीस, याच व्याख्यानाच्या दिवशी सकाळी, त्यांनी जतन केलेल्या प्रतीवरून संपूर्ण संकेतस्थळ नव्याने उभे करून दाखवावे आणि त्याची नोंद शाळेच्या वहीत करावी. पहिल्या वर्षी त्यांच्यासोबत बसण्यास मी येईन. सरांची चौदा पाने मी परत आणू शकत नाही. आपल्या शाळेची पाने तशी जाऊ नयेत, एवढे तरी माझ्या हातून घडावे, ही इच्छा आहे.