प्राण्यांचे वर्ष नोंदवू या

वऱ्हाडातल्या महाविद्यालयांतून आलेले प्राणिशास्त्राचे अध्यापक, विद्यार्थी आणि वनरक्षक मित्रहो,

माझे मागणे एकच आहे. आपण प्राण्यांची संख्या मोजतो; आता त्यांचे वर्षही, म्हणजे महिन्यागणिक बदलणारा माज, वीण आणि अंगकाठी, नोंदवू या.

मादागास्करच्या शेपटीवर कडी असलेल्या लेमूरची मादी एका माजात अवघे काही तास नराला जवळ येऊ देते. माजाच्या हंगामात नर मनगटाच्या ग्रंथी शेपटीवर घासतो, ती प्रतिस्पर्ध्यासमोर हलवतो आणि वासाने लढतो. पिल्ले पावसाच्या आधी जन्मतात, त्यामुळे दूध सुटताना कोवळा पाला मिळतो. ॲलिसन जॉली यांनी १९६०च्या दशकात बेरेंटीच्या जंगलात लेमूरांचा अभ्यास सुरू केला आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो चालू ठेवला. ते सातत्य आपल्याला हवे आहे.

आपल्याकडे काय कमी आहे? काळवीट डोळ्याखालच्या ग्रंथीचा स्राव काडीला, काटकीला लावतो आणि ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग घालतो. रोहीचेही असेच ढीग असतात. मेळघाटचा वाघ झाडाच्या बुंध्यावर फवारा मारून आपली हद्द सांगतो. कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्या फवाऱ्यात तोच रेणू दाखवला, जो बासमतीला सुगंध देतो. नेपाळच्या चितवनमध्ये असे दिसले की वाघीण माज येण्याआधी खुणा वाढवते. म्हणजे ताजी खूण ही हद्दीबरोबर प्रजननाचीही बातमी असते.

या बातमीमागे शरीर असते. चैत्र-वैशाखात गवत वाळते, पाणवठे आटतात आणि जनावर उतरते. पावसाळ्यानंतर अंग भरते. बैलबाजारात शेतकरी बरगड्या, कमरेची हाडे आणि शेपटीचे मूळ पाहून जनावर जोखतो, तसेच लांबून काढलेल्या छायाचित्रावरून रोहीलाही गुण देता येतात. रोहीच्या मादीची गर्भावस्था सुमारे आठ महिन्यांची असते आणि जुळी पाडसे नवल नाहीत. हिवाळ्यात तिला तूर-हरभरा मिळतो. त्याने तिचा माज आणि वीण किती बदलते? जंगलाइतकाच शेतकऱ्याच्या पिकाचाही हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर इथल्याच नोंदींतून यायला हवे.

साधने आहेत. ताज्या विष्ठेतून प्रोजेस्टेरॉनचे अवशेष तपासून गाभण मादी ओळखता येते. जनावराला बेशुद्ध करावे लागत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत असे काम होते. मेळघाट, नरनाळा, काटेपूर्णा, पोहरा-मालखेड ही रानेही आपल्या हाताशी आहेत.

म्हणून सांगतो: प्रत्येक महाविद्यालयाने वनविभागाच्या परवानगीने एक ठरलेली वाट घ्यावी. दर महिन्याला त्याच वाटेवर जावे आणि ढीग, फवाऱ्याच्या खुणा, माद्यांबरोबरची पिल्ले, जनावरांची अंगकाठी मराठीत लिहावी. खुणा ओळखण्यात कोरकू वाटाडे आणि वनरक्षक आपले गुरू आहेत. शोधनिबंधात त्यांचे नाव सहलेखक म्हणून यावे, आभारांच्या ओळीत नव्हे. पुढच्या मृगापासून सुरुवात करू या. त्यानंतरच्या अधिवेशनात बारा महिन्यांच्या पहिल्या नोंदी याच व्यासपीठावर मांडल्या जाव्यात, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.