जोहान्सबर्गच्या दोन इमारती

(व्याख्यानाचा मजकूर)



वास्तुवारशाचे जतन हा विषय आपल्या व्यासपीठावर सहसा निघत नाही. तो सुखवस्तू, हौशी मंडळींचा विषय आहे अशी आपल्या कार्यकर्त्यांची समजूत असते, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु इमारत जमिनीवर उभी असते, जमिनीला भाव असतो आणि त्या भावामागे राजकारण असते. म्हणून दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहराकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. एकमेकींपासून दोन-अडीच किलोमीटरवरच्या तेथील दोन वास्तूंविषयी मला बोलावयाचे आहे.

पहिली वास्तू म्हणजे टेकडीवरचा जुना किल्ला, वस्तुतः तुरुंग. क्रूगर यांच्या बोअर सरकारने १८९० च्या दशकात त्याभोवती तटबंदी उभारली. पुढे राज्यकर्ते बदलले, तुरुंग राहिला. आशियाई लोकांवर लादलेल्या नोंदणीच्या कायद्याला नकार दिला म्हणून जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींना येथे डांबले गेले. राजद्रोहाच्या खटल्यासाठी १९५६ साली मंडेलांना येथेच आणले गेले. परंतु असंख्य कैदी मुळीच नामवंत नव्हते. जवळ पास नाही, एवढ्याच गुन्ह्यासाठी रस्त्यावरून उचललेली ती कष्टकरी माणसे होती. १९८३ साली हा तुरुंग बंद झाला.

लोकशाही आल्यावर नव्या घटना न्यायालयासाठी हीच जागा निवडण्यात आली. कच्च्या कैद्यांची बराक पाडली, पण तिचे जिने मनोऱ्यांसारखे उभे ठेवले आणि निघालेल्या विटा न्यायदालनाच्या भिंतींत बसविल्या. दालनात काचेची एक आडवी, लांब पट्टी आहे. तीतून बाहेरून जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसतात. उद्घाटनासाठी २१ मार्च २००४ हा दिवस मुक्रर झाला. १९६० साली याच तारखेला शार्पव्हिल येथे पासविरोधी जमावावर गोळीबार होऊन ६९ माणसे मारली गेली होती. वारशाचे जतन कसे करावे याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

दुसरी वास्तू ८०, अल्बर्ट स्ट्रीट. १९५४ सालची ही पाच मजली इमारत म्हणजे शहराची पासकचेरी. कामासाठी आलेल्या काळ्या माणसाने येथे रांगेत उभे राहावे, अंगाची तपासणी करवून घ्यावी आणि शहरात राहण्याचा शिक्का मिळतो की हद्दपारी, याची वाट पाहावी. या व्यवस्थेचे अर्थशास्त्र हॅरल्ड वोल्पे यांनी १९७२ सालच्या निबंधात उलगडून दाखविले. खाणींना आणि कारखान्यांना मजूर हवा होता, त्याचे कुटुंब नको होते. बायकामुलांच्या आणि म्हातारपणाच्या पोषणाचा भार खेड्यावर ढकलला की मजुरी कमी देता येते. पासकचेरी ही त्या हिशेबाची खिडकी होती.

पासाचे कायदे १९८६ साली गेले, वस्त्यांच्या वर्णभेदाचा कायदा १९९१ साली रद्द झाला. माणसे शहराच्या मध्यभागी राहावयास आली, आणि नेमके त्याच सुमारास भांडवल उत्तरेकडे निघाले. २००० साली शेअरबाजारही सँडटनला गेला. अनेक घरमालकांनी दुरुस्ती थांबविली. काही तर मालमत्ता सोडून गेले. रिकाम्या इमारतींत गरीब शिरले, कारण कामाच्या जवळ आणि परवडेल अशी दुसरी जागा त्यांना कोणी दिली नव्हती. या इमारतींना सर्रास ‘बळकावलेल्या’ म्हणतात. गुंडांच्या टोळ्या भाडे वसूल करतात हे खरे आहे. पण मालकाने आणि महापालिकेने आधी सोडून दिल्याशिवाय इमारत बळकावता येत नाही.

महापालिकेचा उपाय होता इमारती खाली करण्याचा, तोही रहिवाशांच्या सुरक्षिततेच्या नावाने. तुरुंगाच्या विटांच्या त्या न्यायालयाने २००८ साली बजावले की माणसांशी अर्थपूर्ण बोलणी केल्यावाचून त्यांना हुसकता येणार नाही. आणि २०११ साली, खासगी मालकाच्या जागेतून बेघर होणाऱ्यांनाही तात्पुरता निवारा देणे महापालिकेवर बंधनकारक ठरविले. निवाडे उत्तम होते. निवारे मात्र पुरेसे उभे राहिले नाहीत.

पासकचेरीत काही वर्षे निराधार स्त्रियांचे आश्रयगृह होते. ते मोडल्यावर तेथे शेकडो माणसे राहू लागली. मालकी महापालिकेचीच होती. भिंतीवर वारशाची निळी पाटीही होती. आत ज्वालाग्राही आडभिंतींच्या खोल्या, कुलूपबंद दारे. ३१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे आग लागली आणि ७६ माणसे मेली. काही राजकारण्यांनी लगोलग दोष दिला तो बेदखलीविरुद्ध लढणाऱ्या संस्थांना! आग आपण लावली, अशी कबुली पुढे एका रहिवाशाने चौकशी आयोगापुढे दिली. पण त्याच घटना न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती सिसी खाम्पेपे यांच्या या आयोगाने २०२४ सालच्या अहवालात इमारतीच्या दुरवस्थेची जबाबदारी महापालिकेवर ठेवली.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९९ सालच्या वारसा कायद्यानुसार साठ वर्षांहून जुन्या वास्तूत परवान्याशिवाय फेरबदल करता येत नाही. अल्बर्ट स्ट्रीटची इमारत २०१४ पासून या संरक्षणात येत होती. म्हणजे तिची भिंत हलवायला परवाना हवा होता, माणसांना तिच्यात मरू द्यायला नको होता. जतनाच्या शास्त्रात भिंत मोजतात. नळ, जिना आणि दार मोजत नाहीत, ही माझी तक्रार आहे. किल्ल्याचे जतन यशस्वी झाले, कारण तेथे दररोज काम चालते आणि ते चालविण्याचा खर्च राज्य देते.

इमारत पाडावी आणि मृतांच्या नावांची पाटी लावावी, अशी शिफारस आयोगाने केली आहे. पाडण्यास माझी हरकत नाही. पण मोकळा भूखंड विकासकाच्या हाती जाता कामा नये. जमीन सार्वजनिक आहे. तेथे महापालिकेने स्वतः भाड्याची घरे बांधावीत आणि भाडे रोजंदारीवाल्याच्या मिळकतीवरून ठरवावे. तेथील डाव्या मित्रांनी आणखी एक गोष्ट सोडू नये. मृतांपैकी बरेच जण मलावी, टांझानिया अशा देशांतून पोटासाठी आलेले होते, आणि कागदपत्रे नाहीत म्हणून अशा माणसांना सरकारी घरांच्या यादीत जागा मिळत नाही. त्या घरांची खिडकी उघडेल तेव्हा रांगेतल्या माणसाला पहिला प्रश्न कागदांचा विचारला जाणार असेल, तर त्याविरुद्ध आतापासूनच उभे राहिले पाहिजे.